धुरी दिलेल्या तंबाखूच्या शिरेवर पुन्हापुन्हा बुरशी

तक्रार अशी. धुरी द्यायच्या कपाटातून निघताना पान झकास दिसतं: काळपट तपकिरी, हाताला मऊ कातड्यासारखं, वास जुन्या चुलीच्या तुळईचा. जुड्या बांधून डब्यात भरायच्या, झाकण लावायचं. अठरा-वीस दिवसांनी झाकण उघडलं की ओल्या गोणपाटाचा भपकारा येतो, आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेवर, नेमक्या देठाकडच्या चार बोटांत, पांढरी-करडी लव दिसते. शिरेच्या दोन्ही बाजूंचं पान स्वच्छ, शीर तेवढी कुजलेली. माझ्याकडे हे सलग तीन हंगाम झालं.

तीनही हंगाम मी कारण भलतीकडेच शोधत होतो. ते आधी सांगतो, कारण ज्यांना हा त्रास आहे त्यांतले बरेच जण तिथेच अडकलेले असतात.

पहिल्या वर्षी आळ लाकडावर घेतला. बाभूळ सोडून आंबा आणला. दुसऱ्या वर्षी डब्यावर: तेलाचा १५ किलोचा डबा नीट धुतला नसेल, म्हणून काचेच्या बरण्या घेतल्या. तिसऱ्या वर्षी वाटलं, धूरच कमी पडतोय. धुरावर मासळी टिकते, मग पान का टिकू नये? धुरी चार दिवसांवरून नऊ दिवसांवर नेली. पान आणखी काळं झालं आणि बुरशी आठवडाभर आधी आली. इथे खरं तर ट्यूब पेटायला हवी होती. पेटली नाही.

थोडं माझ्या मांडणीबद्दल. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. पादऱ्याच्या बाजूला वाटणीत आलेला जमिनीचा तुकडा आहे, त्याच्या बांधाकडेला दरवर्षी साठेक रोपं लावतो. रोपं शेजारच्या काकांच्या रोपवाटिकेतली, बिडीच्या तंबाखूची. जुलैत बी टाकतात, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात लावणी, जानेवारीत पान तयार. आमच्या भागात ही तंबाखू उन्हात, शेतातच जमिनीवर पसरून वाळवतात आणि मग खळीत, म्हणजे तंबाखूवर पुढची प्रक्रिया करायच्या आवारात जाते. धुरीची रीत इथली नाही. ती अमेरिकेत केंटकी-टेनेसीची. तिथे मोठ्या लाकडी कोठारांत जमिनीवर हिकरी-ओकच्या फळ्या भुशाखाली धुमसत ठेवतात. आपल्याकडे तमिळनाडूत खायच्या तंबाखूला धुरी देतात, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेतल्या जाफन्यात नारळाच्या सोडणांचा धूर वापरतात. मला पाइपसाठी असं पान हवं होतं. महिन्यातून तीन-चारदा ओढतो, विकत नाही.

कोठार म्हणजे भंगारातून आणलेलं पोलादी कपाट. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाहून थोडं जास्त खोल. आतला रंग पूर्ण खरवडून काढला (जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि गरम झाल्यावर रंगाचा वास पानात बसतो तो वेगळाच). शेजारी जमिनीवर विटांची छोटी भट्टी, तिथून कपाटाच्या तळाशी चार इंची काळा लोखंडी पाइप. जस्ताचा मुलामा असलेला पाइप विस्तवाजवळ वापरू नका. वर हवा जायला मी एकच दोन इंची भोक ठेवलं होतं आणि 'धूर वाया जातो' म्हणून त्यातही चिंधी कोंबायचो. ही चिंधी लक्षात ठेवा.

पहिला प्रयोग अगाशीवर, म्हणजे गच्चीवर केला होता, तोही उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. पुढचे दोन महिने त्यांच्याकडे उपासाला गेलं की फराळाला बिडीचा वास. मग कपाट टेम्पोत घालून शेतावर नेलं. तसंही हे काम मोकळ्यावरच करायचं आहे. धुमसत्या कोळशाचा वायू बंद जागेत माणूस मारतो.

काळं म्हणजे सुकलेलं नव्हे

तिसऱ्या वर्षीची फसलेली जुडी घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य तंबाखूत गेलंय, धुरीची मात्र त्यांना माहिती नव्हती आणि तसं त्यांनी सांगितलंही. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी एक पान घेतलं, रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. देठाकडची शीर दोन अंगठ्यांमध्ये धरली आणि वाकवली. शीर वळली, सायकलच्या वॉल्व्हट्यूबसारखी, आणि सोडल्यावर परत सरळ झाली. नखाने चिरली तर आत ओलसर, फिकट हिरवट गाभा. मला म्हणाले, "भाई, आ पान सुकायुं नथी. खाली काळुं थयुं छे."

पान सुकलेलं नाही, नुसतं काळं झालंय. तीन वर्षांचं उत्तर या एका वाक्यात होतं. रंग धुराने येतो, सुकवणं हवेने होतं, आणि मी पहिल्या दिवसापासून भरगच्च धूर देऊन हवा बंद करून ठेवली होती. पातळ भाग काळा पडून, वर डांबराचा हात फिरून, वाळल्यासारखा भासायचा. करंगळीएवढी जाड शीर आतून ओलीच राहायची. डब्यात झाकण लावलं की शिरेतलं पाणी हळूहळू बाहेर यायचं, आणि बुरशीला आणखी काय पाहिजे?

घरी येऊन पाण्याचा हिशेब मांडला. हा प्रत्येकाने आपल्या कपाटासाठी एकदा करावा. माझ्याकडे एका खेपेला २०० पानं, ओली तोलली तर ९ किलो. ताज्या पानात चारपंचमांशाच्या आसपास पाणीच असतं. नीट वाळल्यावर हाती दोन किलोच्या आत माल येतो. म्हणजे ७ लिटर पाणी, अर्धी बादली, त्या कपाटातून बाहेर पडायला हवी. ते वाफ होऊन हवेबरोबरच जाणार. जानेवारीतली कोरडी हवा ४५ अंशांपर्यंत तापवून आत सोडली, तरी पाणी उडवता उडवता ती थंडही होत जाते. एक घनमीटर हवेने साधारण १० ग्रॅम पाणी नेलं तर खूप. ७ लिटरला ७०० घनमीटर हवा लागली. कपाटात मावते एक घनमीटरपेक्षाही कमी. म्हणजे आतली हवा पानं सुकेपर्यंत आठशे वेळा बदलायला हवी.

आणि मी दोन इंची भोकात चिंधी कोंबत होतो.

रात्री काय होतं ते पाहायला हवं

हिशेब पटला तरी डोळ्यांनी पाहावं म्हणून एक खेप जुन्याच पद्धतीने लावली आणि शेतावर मुक्काम केला. संध्याकाळी आठला आत ४४ अंश. दहाला भट्टी विझत आली. पहाटे तीनला टॉर्च घेऊन दार उघडलं तेव्हा आत १७ अंश होते, आणि कपाटाच्या छताला आतून थेंब लटकले होते, टपोरे, कोऱ्या चहाच्या रंगाचे. एक बोटावर घेतला: चिकट, आंबूस, धुराचा कडू वास. माझ्यासमोर एक थेंब घरंगळला आणि वरच्या रांगेतल्या पानावर पडला. मग कळलं की वरच्या पानांवर ते काळे गोल डाग कुठून येत होते. मी त्यांना वर्षभर रोग समजत होतो.

गरम हवा जेवढं पाणी धरते त्याच्या चौथा हिस्साही गार हवा धरत नाही. दिवसभर पानातून काढलेलं पाणी रात्री पोलादावर जमतं आणि पानावर परत पडतं, धुरातलं डांबर सोबत घेऊन. सकाळी पुन्हा धूर, पुन्हा वाफ. आपण नऊ दिवस तेच पाणी फिरवत असतो.

लाकडी खोलीत हा त्रास कमी, कारण लाकूड थोडी वाफ पितं. पोलादी कपाट, जुना फ्रिज, पत्र्याचं पिंप वापरणाऱ्या सगळ्यांना तो होणारच.

आता मी काय करतो

कपाटाला वर चार इंची धुराडं बसवलं, आत एका बोल्टवर फिरणारी पत्र्याची चकती, म्हणजे तोंड कमीजास्त करता येतं. तळाला हवा आत यायला तीन भोकं. कपाटाला बाहेरून गोणपाटाचे दोन थर गुंडाळले. आत छताखाली चार बोटं अंतर सोडून पत्रा तिरपा लावला, थेंब पडलाच तर मागच्या भिंतीवरून ओघळून जावा. काठ्या तीन मजल्यांवर, प्रत्येक मजल्यावर पाच, आणि दोन पानांत तीन बोटं जागा. पूर्वी मी तीनशे पानं दाटीवाटीने भरायचो.

पान खुडायचं ते पिकलेलं. आमच्याकडे पानावर तांबूस ठिपके उमटले, कडा खाली वळल्या, हाताला जाड-चिकट लागलं की ते तयार. खुडताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या. पहिल्या वर्षी मी पहाटे दहिवरात उघड्या हातांनी खुडलं आणि दहा वाजता बांधावर बसून ओकत होतो. तोंडात न घालताच तंबाखू लागली. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून आत जातं. गुजरातमधल्या तंबाखू-मजुरांच्या या त्रासावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामही केलंय. आता मी दहिवर उडाल्यावरच हात लावतो.

पानं लगेच कपाटात जात नाहीत. आधी सावलीत देठ खाली करून उभी रचायची, वरून गोणपाट. तीन ते पाच दिवसांत ती पिवळी पडतात. ढिगात रोज हात घालून पाहायचा. कोमट ठीक, गरम लागला तर मोडून पुन्हा रचायचा. या टप्प्यात पान जिवंत असतं आणि स्वतःचा हिरवा रंग स्वतः मोडत असतं. घाई करून थेट ४५ अंशांत टांगलं तर पान मरतं आणि हिरवं तसंच राहतं. असं हिरवं राहिलेलं पान नंतर कितीही धूर द्या, कच्च्या गवताची चव सोडत नाही. तुमच्या पानांत काळ्या थराखाली हिरवट चट्टे दिसत असतील तर चूक इथे झालेली आहे, पुढे शोधू नका.

पिवळं झालेलं पान टांगलं की पहिले दोन-तीन दिवस ३८ ते ४३ अंश, धुराडं अर्धं उघडं. पिवळ्याचं तपकिरी होतं. लाकूड थोडंच, धूर निळसर पातळ. त्यानंतरचा टप्पा माझ्याकडे पूर्वी नव्हताच: सुकवणं. यात धूर देतच नाही. भट्टीत लोणारी कोळसा, वरची-खालची सगळी भोकं सताड उघडी, आत ५० अंशांच्या आसपास; ५४ च्या वर नेत नाही. शीर कटकन मोडेपर्यंत, मग चार दिवस लागोत की सहा. रोज तिन्ही मजल्यांवरची दोन-दोन पानं काढून देठाकडे वाकवतो. रबरासारखी वळली तर परत आत. वाळल्या काटकीसारखा आवाज आला तर ते पान झालं. सगळ्यात खालच्या, पाइपच्या विरुद्ध कोपऱ्यातलं पान मोडत नाही तोवर कुठलंच झालेलं नाही.

रात्री जागणं जमत नसेल, आणि जमू नयेच, तर विस्तव विझायच्या आधी दार फूटभर उघडून वाफ पूर्ण जाऊ द्यायची आणि दार तसंच किलकिलं ठेवून झोपायला जायचं. पान बाहेरच्या हवेबरोबर गार होतं, थेंब धरत नाही. माझ्या मते सगळ्या दुरुस्त्यांमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाची. बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

आता धूर. वाळलेलं पान पापडासारखं ठिसूळ असतं, त्याला हात लावू नये; एक रात्र दार उघडं ठेवलं की पहाटेच्या गारव्यात ते आपोआप नरम पडतं. नरम झालं की भट्टीत बाभळीचा ओंडका, वर लाकडाचा भुसा, धुराडं तीनचतुर्थांश बंद, तापमान ४५ च्या आत. दिवसा सहा-सात तास धूर, रात्री दार उघडं. चार दिवसांत माझ्या जिभेला पुरेसं होतं. भुसा वखारीतून आणताना समोर उभं राहून साध्या लाकडाचाच भरून घ्या. प्लायवुडच्या कापणीचा भुसा त्यात असला तर त्यातला चिकटवायचा सरस जळतो आणि तो धूर पानात जातो. कडुनिंब मी एकदा घालून पाहिला. पुन्हा नाही.

धुरी जास्त तितकी बरी, हा समज मात्र सोडायला हवा. तंबाखू अपायकारकच, आणि उन्हात वाळलेल्या पानापेक्षा धुरावरच्या पानात धुराची कर्करोगकारक द्रव्यं वर चढलेली असतात. ओलं ठेवलेल्या पानात घातक नायट्रोसअमाइन्सही वाढतात. घरचं आहे म्हणून निर्मळ आहे, असं मी स्वतःला सांगत नाही.

पान डांबरासारखं चिकट आणि कडू होत असेल तर भट्टीला हवा कमी पडतेय. धुराचा रंग बघा: दाट, पिवळट-पांढरा, डोळ्याला झोंबणारा असेल तर लाकूड ओलं आहे किंवा भट्टीचं तोंड कोंडलंय. भुसा जळत नसेल तर फुंकणी घेऊन बसू नका, तो थोडा काढून टाका. पाइपही वर्षातून एकदा गजाने खरवडून घ्यावा लागतो.

डबा भरल्यानंतर

जुड्या भरण्याआधी तळाला तीनशे रुपयांच्या आतला आर्द्रतामापक ठेवतो. झाकण लावून एक दिवस जाऊ द्यायचा आणि आकडा बघायचा. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक. ७० च्या वर गेला तर शिरेत पाणी आहे, डोळ्यांना काहीही दिसो. सगळं बाहेर काढून पुन्हा टांगायचं. पहिला महिना दर आठवड्याला झाकण उघडून वास घेतो. आणि हे सगळं होळीच्या आत संपवतो. विश्वामित्री नदीला पाणी चढायच्या दिवसांत बडोद्यात कोरडं ठेवलेलं मीठही ओलं होतं, तिथे अर्धवट सुकलेल्या पानाची काय कथा. पावसाळ्यात डबे उघडतच नाही.

शिरेवर पांढरं दिसलं म्हणजे दर वेळी बुरशीच, असंही नाही. कधी कधी पानातले क्षार वाळून शिरेवर बारीक कणांसारखे येतात. बोटाने चोळून बघा: क्षार खरखरीत लागतात, वास नसतो, बुरशी मऊ पुसली जाते आणि तळघराचा वास सोडते. बुरशी असेल तर पूर्ण जुडी जाळायची किंवा खड्ड्यात टाकायची. पुसून, ऊन दाखवून, परत धुरी देऊन वापरायची नाही. तिसऱ्या वर्षी मी अडीच किलो माल असा खड्ड्यात घातला. काका बांधावर उभे राहून बघत होते आणि काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

यंदाची पहिली खेप भरून अकरा आठवडे झाले. आकडा ६१ वर आहे, लव नाही, वास नाही. एक भानगड उरली आहे: पाइपच्या तोंडासमोरची खालच्या मजल्यावरची सहा-सात पानं बाकीच्यांच्या दोन दिवस आधी मोडायला लागतात आणि तोवर कडेने करपतात. पुढच्या खेपेला तिथे भोकं पाडलेला तेलाच्या डब्याचा पत्रा आडवा लावून बघणार आहे. डबा धुऊन ठेवलाय.